इचलकरंजीतली आमची अंगणवाडी : पटावर कोण, सतरंजीवर कोण

फी नाही, डोनेशन नाही, गणवेश नाही, व्हॅन नाही. सकाळी दहा ते एक. भाड्याची एक खोली, पुढं पत्र्याची पडवी आणि भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. लाइट गेली की खटखट थांबते, मग आत पोरं काय म्हणतात ते रस्त्यावर ऐकू येतं.

माझी धाकटी गेल्या जूनपासून इथं जाते. मोठ्याला आम्ही इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलं होतं, त्यामुळं दोन्हीकडचं बघून लिहितेय. अंगणवाडीचा क्रमांक आणि गल्लीचं नाव मुद्दाम देत नाही. खाली काही तक्रारी आहेत, त्यांचा ताप बाईंना व्हायला नको. इथल्या सेविकेला पोरं 'बाई' म्हणतात आणि मदतनिसाला 'मावशी', म्हणून मीही तेच लिहिते.

मी एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, दिवाणजी आहे. बायका दिवाणजी आमच्या गावात कमीच, पण आहेत. सुताची आवक, बीमची जावक, कामगारांची उचल, सगळं माझ्या वहीत. त्यामुळं कुठंही रजिस्टर दिसलं की आधी बेरीज बघायची खोड. पहिल्याच आठवड्यात बाईंचं हजेरीचं रजिस्टर उघडं दिसलं आणि मी वाकून बघितलं. तीन ते सहा वयाची अडतीस नावं. सतरंजीवर मात्र वीस-बावीस पोरं.

"बाई, बाकीची कुठं?"

बाई हसल्या. "बाकीची तुमच्याच गल्लीत आहेत की."

खरंच होती. आमच्या लाइनीतल्या पक्क्या घरांतली निम्मी नावं त्या पटावर आहेत. बाळ जन्मलं की लसीकरणासाठी नाव लागतं, मग सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो, त्याची पाकिटं येतात. तीन वर्षं झाली की पोरगं नर्सरीच्या व्हॅनमध्ये बसतं आणि नाव तसंच राहतं. कोणी काढायला येत नाही, बाईंनाही काढायची घाई नसते, कारण पट घटला की वरून विचारणा होते. दुसरीकडं, पटावर नसलेली चार-पाच पोरं रोज सतरंजीवर असतात. कुणी मोठ्या बहिणीच्या मागं आलेलं, कुणी परवाच रेल्वेनं आलेलं. त्यांची नावं गावाकडच्या अंगणवाडीत आहेत, ती इकडं वर्ग व्हायची आहेत, आणि आईच्या आधारला जोडलेला मोबाइल बापाच्या खिशात आहे. बाप पहिल्या पाळीला मागावर. ओटीपी कुठनं येणार? बाई म्हणतात, नाव लागेल तेव्हा लागेल, तोवर बस. खिचडी सगळ्यांनाच वाढतात.

म्हणजे पट आणि हजेरी जुळत नाही, पण त्यात चोरी नाही. माझ्या धंद्यात असा फरक निघाला असता तर मालकानं मला उभं केलं असतं. इथं तो फरक वाचला की अख्खी गल्ली कळते.

आता सतरंजीवर कोण असतं ते सांगते, कारण हे लिहायचं खरं कारण तेच आहे. इचलकरंजीत माग आहेत तिथं बाहेरचा माणूस आहे. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले मागवाले भाड्याच्या खोल्यांत राहतात. आधी एकटे यायचे, आता बरेच जण बायकापोरं घेऊन येतात. कानडी माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, बेळगाव-बागलकोटकडची. शिवाय इथलेच विणकर मोमीन, इथल्याच कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्या आणि मागाचे धागे ओवणाऱ्या वहिफणीवाल्यांची पोरं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांतली दोन-तीन पोरं चार महिन्यांसाठी येऊन जातात. एवढ्या एका खोलीत मराठी, कानडी, भोजपुरी, ओडिया आणि आपल्याकडची ती दख्खनी हिंदी. पोरांनी या सगळ्याची एक भाषा करून टाकलीय. "बाई, मेरेको भात नको, तो मेरा चप्पल पळवला," हे मी स्वतः ऐकलेलं वाक्य.

माझ्या पोरीला आता वीसपर्यंत मराठीत आणि दहापर्यंत कानडीत मोजता येतं. ओंदु, एरडु, मूरु. सासूबाई मूळच्या निपाणीकडच्या, त्यांना हे ऐकून एवढा आनंद झाला की अंगणवाडीला त्यांचा जो विरोध होता तो तिथंच मावळला. त्याआधी रोज एकच पालुपद होतं, "आपल्याला काय कमी आहे म्हणून खिचडीच्या शाळेत?"

खिचडीची शाळा हे नाव गल्लीत सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यात थोडं तथ्य आहे आणि बराच अडाणीपणा. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, तेव्हापासून तिच्या सहा सेवांत पूरक आहार आहे तसं पूर्वप्राथमिक शिक्षणही आहे. आणि त्याच्याही आधी, १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं ते बालशिक्षणाचंच. पुढं अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर पोरं आहेत तिथं शाळा नेली. मुंबई-पुण्यातल्या महागड्या माँटेसरीवाल्यांना आज जे सुचतंय ते या दोघींनी झावळ्या, शिंपले आणि चिंचोक्यांवर केलं. आमच्या बाईंकडं चिंचोके आहेत. शिंपल्यांऐवजी सुताच्या रिकाम्या कांड्या आहेत, कारखान्यातनं फुकट मिळतात. रंगाप्रमाणं लावा, उंचीप्रमाणं लावा, दहाचे गठ्ठे करा. माझी पोरगी घरी येऊन माझ्या पेन्सिलींचे गठ्ठे करते.

मोठ्याच्या नर्सरीत पहिल्या दिवाळीपर्यंत कॅपिटल, स्मॉल आणि कर्सिव्ह असं तिन्ही लिहून घेत होते. साडेतीन वर्षांच्या पोराकडनं. त्याचा हात दुखायचा. वर्गात पोरं होती तीस, आणि ती तिसांची तीस एकसारखी : दुकानवाल्यांची, कारखानदारांची, बँकवाल्यांची, एखाद्या डॉक्टरचं. सगळ्यांच्या डब्यात तीच बिस्किटं. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट काय द्यायचं याचा आयांचा वेगळा ग्रुप. शाळा वाईट नव्हती, बायका मायाळू होत्या, स्वच्छतागृह चकाचक. पण आपला पोरगा ज्या गावात राहतो त्या गावातलं अर्धं माणूस त्यानं सहा वर्षांचा होईपर्यंत बरोबरीनं बसलेलं बघितलंच नाही. मागवाला म्हणजे त्याच्या लेखी रस्त्यानं जाणारा कुणीतरी.

म्हणून अंगणवाडीतल्या 'मिसळलेल्या' पोरांचं कुणी कौतुक केलं की मला थोडं हसू येतं. बिहारचं आहे, बागलकोटचं आहे, बीडचं आहे, मोमिनांचं आहे. नाही ते कोण? आमच्या लाइनीतलं. ज्यांच्या दारापासून अंगणवाडी पन्नास पावलांवर आहे आणि ज्यांची नावं पटावर आहेत, ते. अंगणवाडी गरिबांची करून ठेवलीय ती सरकारनं नाही, आपण पोरं काढून घेतली म्हणून ती तशी झाली. कागदावर ती सगळ्यांची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं ते हेच, की सेवा प्रत्येक बालकापर्यंत गेली पाहिजे, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस पोरं असून अंगणवाडी नाही तिनं मागितली तर ती तीन महिन्यांत द्यायची. त्यात दारिद्र्यरेषेची अट नाही, रेशनकार्डाचा रंग नाही.

आणि आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातली माणसं. इचलकरंजी तेव्हा घोरपड्यांची जहागीर, पण कोल्हापूर संस्थानातली. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. २६ जूनला त्यांच्या जयंतीचा हार घालायला गल्लीतली सगळी मंडळी पुढं असतात, फोटोत मीही असते. त्याच दिवशी सकाळी साडेआठला चौकात पाच वेगवेगळ्या रंगांच्या व्हॅन उभ्या असतात. बोलून वाईटपणा घेतलाय मी यावरनं, त्यामुळं इथं एवढंच.

खाण्याचं. तीन ते सहा वयाच्या पोराला दिवसाला ठरलेल्या कॅलरी आणि ठरलेली प्रथिनं द्यायची असा नियम आहे आणि त्यासाठी सरकारी दर आहे पोरामागं दिवसाला ८ रुपये. आठ. आमच्या चौकात त्यात अर्धा वडापावही येत नाही. हा दर ठरून बरीच वर्षं झाली. महिला बचत गटाकडनं डबा येतो, साधारण साडेअकराला. खिचडी, मटकीची उसळ-भात, कधी लापशी, कधी शेंगदाण्याचा लाडू. मी चाखून बघितलंय. उसळ चांगली असते. खिचडी सोमवारी चांगली आणि गुरुवारी पातळ, का ते मला कळलेलं नाही. तिखट नसतं, तरी नवीन आलेली ओडिशाची पोरं पहिले काही दिवस भातच तेवढा खातात, मग सवय होते. माझी पोरगी घरी मटकीला हात लावायची नाही, तिथं दुसऱ्यांदा मागून घेते. बाकीची खातात म्हणून खाते, दुसरं काही कारण नाही.

एका पोराबद्दल लिहायलाच पाहिजे. नाव-गाव देत नाही. चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. आईला वाटायचं, इथं भाषा वेगळी म्हणून बोलत नसेल. गल्लीतल्या एका खासगी बालवर्गानं त्याला "आधी बोलायला लागू दे" म्हणून परत पाठवलं होतं. बाईंनी बसवून घेतलं. वर्षातनं दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी तपासणीला येते, त्या डॉक्टरांनी बघितलं आणि कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, पाठवलं. कानाचं निघालं. आता कानामागं यंत्र आहे आणि पहिला शब्द त्यानं मराठीत काढला, "दे". काय मागत होता विचाराल तर माझ्या पोरीच्या हातातली कांडी. दोघांत त्यावरनं मारामारी झाली आणि दोघांनाही मावशींनी कोपऱ्यात बसवलं. हे मला फार आवडलं. यंत्र लावलंय म्हणून त्याला सोडलं नाही.

हजेरी वर्षभर एकसारखी राहत नाही हेही नवीन पालकांनी धरून चालावं. जूनमध्ये सतरंजी भरलेली असते. दिवाळीला बोनस झाला की मागवाले गावी जातात, छटपूजा करूनच परततात, तेव्हा सतरंजी अर्धी रिकामी. मग ऊसतोडीवाले येतात. मार्च-एप्रिलला ते जातात. लग्नसराईत बिहारवाले पुन्हा गायब. माझी पोरगी अशा दर वेळी "ती कुठं गेली?" विचारते आणि मी नकाशा काढून दाखवते. चार वर्षांच्या पोरीला बेगुसराय कुठं आहे ते माहीत आहे, बारामती नाही. एका ठिकाणी महिनोन्‌महिने तेच मित्र हवेत असं ज्यांना वाटतं त्यांना हा त्रास आहे. पोरांना जिवाला लागतं, ते मी लपवणार नाही.

आता तक्रारी.

खोलीत पंखा एकच आणि एप्रिलमध्ये पत्र्याची पडवी वापरता येत नाही. स्वच्छतागृह घरमालकाचं, बाहेरच्या बाजूला, त्याची किल्ली मावशींकडं, मावशी डबा आणायला गेल्या की किल्लीही गेली. पिण्याचं पाणी माठातलं. आमच्या गावात पिण्याच्या पाण्याची रड जुनीच आहे, तेव्हा पोरीला मी बाटली घरनं देते, तुम्हीही द्या. भिंतीवरचे तक्ते फक्त मराठी. निम्मी पोरं दुसऱ्या भाषेची असताना दोन कानडी, दोन हिंदी चित्रं लावायला काय हरकत होती? विचारलं तर बाई म्हणाल्या, वरून आलेत तेच लावायचे. मग त्यांनी आणि एका कांडीवाल्या आईनं मिळून पुठ्ठ्यावर फळांची कानडी नावं लिहिली. ती टिकलीत, वरून आलेला तक्ता फाटला.

सगळ्यात मोठी तक्रार बाईंबद्दल नाही, बाईंच्या वेळेबद्दल आहे. महिन्यातले कितीतरी दिवस बाई अंगानं खोलीत आणि डोक्यानं मोबाइलमध्ये असतात. पोषण ट्रॅकर नावाचं सरकारी ॲप. वजन भरा, उंची भरा, हजेरी भरा, फोटो टाका. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना आईचा चेहरा मोबाइलनं ओळखला तरच पाकीट नोंदवलं जातं. बुरखा वर करा, पदर मागं घ्या, उजेडात या, नेट गेलं, पुन्हा. एका आईच्या पाकिटाला अर्धा तास, आणि आत वीस पोरं मावशींच्या जिवावर. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीचे अर्ज, निवडणूक आली की मतदार यादीचं काम. शिकवायचं कधी? या कामासाठी केंद्राचा वाटा सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसाला २,२५० रुपये, तो २०१८ मध्ये ठरलेला. वरची भर राज्य घालतं. तरी एवढ्या कामाला पगार नाही, 'मानधन'च. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा गल्लीतल्या बायका "पोरांचं नुकसान" म्हणून बोटं मोडत होत्या. ज्यांची पोरं तिथं जात नव्हती त्याच जास्त.

मला विचाराल तर एका अंगणवाडीला एक सेविका पोरांसाठी आणि एक मोबाइलसाठी द्यावी. हसू नका, सायझिंगमध्ये माझ्या टेबलावर एवढ्या नोंदी असत्या तर मालकानं दुसरा माणूस कधीच ठेवला असता.

शिकण्याचं विचारणाऱ्यांसाठी : राज्याचा ठरलेला अभ्यासक्रम आहे, त्याप्रमाणं खेळ, गाणी, गोष्टी, मापं, मातीकाम चालतं. लिहायला घाई करत नाहीत. पोरगी पाच वर्षांची होईल तेव्हा शेजारच्या नर्सरीतल्या पोरीसारखं 'एलिफंट'चं स्पेलिंग सांगणार नाही, हे मनाशी ठरवून या. गोष्ट मात्र पूर्ण सांगते, मधे कुणी बोललं तर थांबवते, आणि डब्यातलं शेजारच्याला दिल्याशिवाय खात नाही. हे सगळं अंगणवाडीमुळंच असं मी म्हणणार नाही. मोठा असा नव्हता एवढं खरं.

नाव घालायचं असेल तर जूनच वगैरे काही नाही, कधीही घाला. आईचं आधार लागतं. पोराचं नसलं तरी अडत नाही, कुणी अडवलं तर तसं सांगा. जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड न्या. बाहेरगावच्या अंगणवाडीत नाव असेल तर ते आधीच सांगा, मोबाइलमध्येच इकडं वर्ग होतं, फक्त ज्या नंबरवर ओटीपी येतो तो फोन बरोबर ठेवा. सकाळी अकराच्या आत जावा, डबा आल्यावर कुणी बोलायच्या मनःस्थितीत नसतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर जाऊच नका, तेव्हा वजनं चाललेली असतात. आणि ज्यांची पोरं व्हॅननं जातात त्यांनी निदान पटावरचं नाव काढून तरी घ्या. नाहीतर पोरगं पाठवा, चप्पल पडवीच्या बाहेर काढायची, बाकी काही अट नाही.